कुणाचाच नसलेला चौकोन

लोगोचे तीन प्रकार असतात, असं मला फिजीच्या राजधानीत, सुवाच्या कॉलेजात शिकवलं होतं. नुसती अक्षरं, नुसतं चित्र, आणि दोन्ही एका गोलात कोंबून केलेला बिल्ला. धंदा कसा आहे ते पाहून प्रकार निवडायचा. यावर मी परीक्षेत भरपूर लिहिलं आणि पास झालो. मग आमच्या बेटावर, सावुसावूला परत येऊन दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो, तेव्हा कळलं की इथं गिऱ्हाईक प्रकार विचारत नाही. ते म्हणतं, "मास्टर, मोठं काढ."

मास्टर म्हणायचं कारण एवढंच, की मध्ये काही दिवस मी शाळेत चित्रकला शिकवत होतो. माझं खरं नाव विजेंद्र आहे. ते आता फक्त विजेच्या बिलावर येतं. माझी शेड गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ आहे. तिथं बायका पोत्यात दालोचे कंद बांधून उकळायला सोडतात आणि ते शिजेपर्यंत माझ्या दारात बसून माझ्या रेषा वाकड्या आहेत असं सांगतात. वाफेमुळं रंग लवकर वाळत नाही. भाडं कमी आहे.

तराइविनी आली ती तिच्या थोरल्या काकांना घेऊन. वय चाळिशीचं, सुवाच्या एका मोठ्या बेकरीत उमर घालवलेली, हात कोपरापर्यंत भट्टीनं चटके दिलेले. बसस्टँडसमोर स्वतःचं पावाचं दुकान काढणार होती. काकांना ती ता-लेवू म्हणायची, म्हणजे थोरला बाप. तिचं सगळं वाईलोआ गाव त्यांना तेच म्हणायचं. नाव इलिएसा. तिच्या घराण्याचे प्रमुख. ते बसले की बाकी सगळे आपोआप थोडे खाली बसायचे. मीसुद्धा बसायचा रंगाचा डबा सोडून जमिनीवर बसलो.

"काय काय विकणार?" मी विचारलं.

"पाव, बन. सकाळी गरम तळलेले बाबाकाऊ," ती म्हणाली.

"मग एक पाव काढू. खाली नाव. तळलेलं काही चित्रात चांगलं दिसत नाही, पाव दिसतो. दुरून कळतं."

म्हाताऱ्यानं विचार केला. "पाव आत ठेवलेले असतील ना?"

"असतील."

"मग बाहेर कशाला? माणसं आंधळी आहेत का?"

"मग नुसती अक्षरं. तराइविनी ब्रेड."

"तराइविनी कोण, असं लोक विचारतील. कुणाची, कुठली, हे कळायला नको?" मग ते जरा पुढं झुकले. "मास्टर, त्याला काढ."

"कुणाला?"

"त्याला."

आता हे सांगितलं पाहिजे, की इथल्या प्रत्येक घराण्याचा एक मासा असतो, एक झाड असतं, एखादा पक्षी असतो. ते त्यांचे पूर्वज म्हणा, कुलचिन्ह म्हणा. आणि त्या माशाचं नाव परक्यानं त्यांच्यासमोर घेणं म्हणजे भर बाजारात कुणाच्या आईची चौकशी करण्यापैकी आहे. त्यामुळं मी आणि ता-लेवू बराच वेळ एका माशाबद्दल त्याचं नाव न घेता बोलत होतो. त्याचं तोंड कुठल्या बाजूला, त्याच्या पाठीचा रंग काय, तो प्रसन्न असावा की गंभीर. मी इथंही नाव घेत नाही. त्यांच्यापैकी कुणी हे वाचेल असं नाही, पण वाटिसोनीचा भरवसा नाही.

वाटिसोनी म्हणजे तराइविनीचा आत्येभाऊ. ताडपत्री लावलेला ट्रक चालवतो, त्याला आम्ही कॅरियर म्हणतो. बाकी वेळ माझ्या शेडमध्ये रंगाच्या उपड्या ड्रमवर बसून असतो. त्याचं घराणं वेगळं. गावाच्या वतीनं बोलायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडं आहे, आणि समारंभ नसताना ती वाचा कुठंतरी खर्चावी लागते, म्हणून तो माझ्यावर खर्चतो.

"डोळा चुकला, मास्टर," बोर्ड पूर्ण झाल्यावर तो म्हणाला. "हा तुझ्या मेहुण्यासारखा बघतोय. आत्ता काहीतरी मागेल."

हे तो सहज बोलला. पुढं तसंच झालं, म्हणून लक्षात राहिलं.

दुकानाचं उद्घाटन चांगलं झालं. पास्टरनं लांबलचक प्रार्थना केली. ता-लेवूंनी बोर्डाकडं पाहून मान डोलावली आणि वाईलोआहून आलेल्या म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. बोर्डाचं काम लोकांना आत आणणं. त्या हिशेबानं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात यशस्वी लोगो ठरला.

वाईलोआची बस बरोबर समोर थांबते. उतरलेल्या माणसाला आधी मासा दिसायचा. मग तो माणूस रस्ता ओलांडून दुकानाला वळसा घालून मागच्या दारानं आत यायचा. पुढचं दार गिऱ्हाइकासाठी असतं, आणि हा काही गिऱ्हाईक नव्हता. आपल्या माशाच्या दुकानात आपण गिऱ्हाईक कसे होणार? आत येऊन भट्टीशेजारी टेकायचं, चहा व्हायचा, गावच्या गोष्टी व्हायच्या, आणि जाताना म्हणायचं, "तराई, केरेकेरे, चार पाव दे."

केरेकेरे म्हणजे दे ना. नात्यातल्या माणसानं असं म्हटलं की द्यायचं. उद्या आपण म्हटलं की तो देतो. यात लबाडी नाही आणि भीकही नाही. यावर ही बेटं आजवर तगली आहेत, वादळात घर उडालं तर दुसऱ्याच्या घरात जागा झाली आहे. तराइविनीच्या मागच्या दारातही रिकाम्या हातानं कुणी येत नव्हतं. दालो यायचे, खेकडे यायचे, एकदा एक जिवंत डुक्कर आलं. अडचण एवढीच, की मैद्याची गाडी आणणारा माणूस खेकडे घेत नव्हता.

आणि नुसतं वाईलोआ असतं तरी चाललं असतं. त्याच माशाची माणसं अख्ख्या बेटावर पसरलेली आहेत. एकदा मी बन घ्यायला गेलो तर बेटाच्या पलीकडच्या अंगाचा, लंबासा शहरातला एक धिप्पाड माणूस मागच्या दारातून पाव घेऊन निघाला होता.

"हे कोण?" मी तिला विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "ते मला ओळखत नाहीत. त्याला ओळखतात." आणि तिनं हनुवटीनं वर बोर्डाकडं दाखवलं.

पावसाळा सुरू होताना ती माझ्या शेडमध्ये आली. वाटिसोनी ड्रमवर होताच. ती उभीच राहिली.

"मास्टर, मैद्यावाला म्हणतो, पुढच्या खेपेला गाडी माझ्या दारात थांबणार नाही."

"मग नाही म्हणायला शीक लोकांना."

"तुम्ही म्हणा की तुमच्या मेहुण्याला."

 माझी मोठी शिडी वादळापासून मेहुण्याकडं आहे.

"दुकान बंद झालं तर मला सुवाची बोट," ती म्हणाली. "परत त्याच बेकरीत, दुसऱ्याच्या भट्टीपुढं. माझ्या वयाला कुणी नव्यानं शिकवतही नाही, नुसतं पोती उचलायला ठेवतात. आणि नाही म्हणायचं तर कुणाला? आई गेली तेव्हा ज्यांनी खड्डा खणला त्यांना? चटया ज्यांनी आणल्या त्यांना? दुकान वाचेल, मग मी मेल्यावर खड्डा मैद्यावाला खणेल का?"

"खणेल," वाटिसोनी म्हणाला. "आधी पैसे घेईल."

"तू गप रे. तूच सगळ्यात जास्त बन नेतोस."

"माझी आई तुमच्या घराण्याची. मामाच्या घरचं उचलून न्यायचा मला हक्क आहे. मी फक्त बन नेतो, भट्टी नेत नाही, हे बघ."

हे खरं होतं, त्याला तसा हक्क असतो. म्हणून तिनं त्याच्याकडं दुर्लक्ष केलं आणि मला विचारलं, "मास्टर, बँकेत कुणी केरेकेरे का करत नाही? तिथं तर पैसेच पैसे आहेत. आणि काउंटरवर बसणारी लिती आमच्याच गल्लीतली आहे."

मी विचार करू लागलो. बँकेच्या दारावर काय आहे? एक निळा आकार. कशाचा आकार आहे, ते मला पाट्या रंगवण्यात जन्म जाऊनही सांगता येत नव्हतं. तो कुणाचाच कुणी लागत नव्हता.

"तसं काढा," ती म्हणाली. "कुणाचंच नाही असं. मी लंबासाला जाऊन कंपनी नोंदवते, रीतसर. मग कुणी मागितलं तर सांगेन, कंपनी देत नाही."

"आणि कंपनी कुठं आहे म्हणून विचारलं तर?" वाटिसोनीनं विचारलं.

"वर."

"वर कुठं?"

"नुसतं वर म्हणायचं. बँकवाले तेच म्हणतात."

माशावर पांढरा रंग मारायचा प्रश्नच नव्हता. तो हात कुणाचाही असता तरी बेटावर राहिला नसता. माझा असता तर मी पण राहिलो नसतो. तिनं ता-लेवूंना सांगितलं की बाहेर उन्हात त्याचा रंग उडतोय, त्याला आत मानानं ठेवते. रंग खरोखर उडत होता, मी स्वस्तातला वापरला होता. मासा आत गेला, मैद्याच्या पोत्यांच्या वर.

मग मी नवा लोगो काढायला बसलो. कॉलेजात शिकवलं होतं की लोगो पाहून लोकांना काहीतरी आठवलं पाहिजे. इथं मला असा हवा होता की कुणाला काहीही आठवू नये. हे काम किती अवघड आहे ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

मी नारळाचं झाड काढलं. वाटिसोनी म्हणाला, "हे माझ्या चुलत्याच्या सासरवाडीचं." मी बगळा काढला. "याची माणसं गावाच्या वरच्या अंगाला राहतात, आणि ती जेवतात फार." मी शंख काढला. त्यानं नुसती मान हलवली. मी लाट काढली, आणि मला वाटलं जमलं.

"लाटेच्या खाली कोण राहतं?" त्यानं विचारलं.

लाट खोडली. या बेटावर पान, पीस, खवला, काहीच बेवारशी नाही. म्हणून भूमितीकडं वळलो. गोल काढला, तर तो यांगोना, म्हणजे समारंभात प्यायचं मुळांचं पेय, कालवायच्या लाकडी भांड्यासारखा दिसायला लागला. "हे लावलंस तर लोक भोवती मांडी घालून बसतील, सकाळपर्यंत उठणार नाहीत." चौकोन काढला. "चटई." चौकोन तिरका केला. "चटई, वाऱ्यानं उडालेली. कुणीतरी धावत जाऊन आणेल." तिरक्या चौकोनाच्या दोन बाजू लांब केल्या, सरकारी फायलीसारखा फिक्का निळा भरला आणि आतून एक पांढरी रेघ मारली, ती मुद्दाम कुठल्याच कोपऱ्याला भिडू दिली नाही.

वाटिसोनी ड्रमवरून उठून जवळ आला. दोन पावलं मागं गेला. एक डोळा मिटून पाहिलं.

"यात माझं कुणीच नाही," तो म्हणाला.

"लावा," तराइविनी म्हणाली.

बोर्ड लागला. निळा आकार, आणि खाली सरळ अक्षरांत ओशनिया ब्रेड कंपनी लिमिटेड. वाईलोआच्या बसमधून लोक उतरले, बोर्डाकडं पाहिलं आणि मागच्या दाराकडं न जाता रस्त्यातच उभे राहिले. काहीजण पुढच्या दारानं आत गेले, एक पाव विकत घेतला आणि हळू आवाजात बोलून बाहेर आले.

पहिला खरा प्रसंग ता-लेवूंचाच आला. पुढच्या महिन्यात चर्चचा मेळावा होता, बाहेरगावची माणसं येणार होती. ते काउंटरसमोर येऊन म्हणाले, "तराई, मेळाव्याला पाव लागतील. टेबलं भरतील एवढे."

मी तिथंच होतो. तिनं फडक्यानं काउंटर पुसला, पुसलेला परत पुसला.

"ता-लेवू, कंपनी नाही म्हणते."

म्हातारा बाहेर गेला, बोर्डाकडं बराच वेळ पाहिलं आणि परत आत आला.

"तुला त्रास देतात का ते?"

"नाही. नियम आहेत."

"जेवायला सुट्टी देतात ना?"

"देतात, ता-लेवू."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले. ती आत जाऊन पोत्यांमागं बसली ती माझे बन करपेपर्यंत बाहेर आली नाही.

दुकान चालायला लागलं. मैद्याची गाडी दारात थांबायला लागली. पण गावात बातमी पोचली की तराइविनीचं दुकान गेलं, आता ती कुणा परक्यांची चाकरी करते, आणि ते परके मासा आतल्या अंधारात ठेवतात. मग लोकांना तिची दया यायला लागली. केरेकेरे बंद झालं, पण खेकडे दुप्पट झाले. बायका यायच्या, काउंटरवरून तिच्या हातात पानात बांधलेलं जेवण द्यायच्या आणि निळ्या आकाराकडं रागानं बघून जायच्या. आधी ती लोकांनी नेलेल्या पावांनी बुडत होती, आता मिळालेल्या दयेनं आजारी पडायची वेळ आली.

"काल आत्या मला म्हणाली, परत ये गावात, तुला घर बांधून देतो," ती मला सांगत होती. "मास्टर, मी त्यांना फसवते आहे."

"कंपनी नोंदवलेली आहे. फसवणूक कसली?"

"तुम्ही कॉलेजात गेलेले," ती म्हणाली. हे तिनं कौतुकानं म्हटलं नाही.

वाऱ्यानं बोर्डाची एक बाजू खाली आली होती. निळा आकार आधीच तिरका असल्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, मलाच दुरून खुपत होतं. एका शनिवारी मी आत भिंतीला शिडी लावून वरच्या फळीवर खिळे शोधत होतो. शिडी मेहुण्याकडची, म्हणजे माझीच, मी केरेकेरे करून परत आणली होती. एवढ्यात वाटिसोनीचा कॅरियर दारात थांबला. ताडपत्रीखालून वाईलोआची मोठी माणसं उतरली, सगळे कमरेला गुंडाळायच्या चांगल्या सुलूत आणि इस्त्रीच्या शर्टात. ता-लेवू पुढं. मागं दोघांनी यांगोनाच्या मुळांची एक जाडजूड मोळी धरलेली. ते पुढच्या दारानं आत आले, गिऱ्हाइकांना हात करून बाजूला सरकवलं, आणि काउंटरसमोर जमिनीवर ओळीनं बसले. बाहेरचा बोर्ड आतून दिसत नाही, पण मी तसलाच एक छोटा आकार काउंटरच्या वर काढला होता. त्यांनी तोंडं त्याच्याकडं केली.

तराइविनी काउंटरमागं पीठ लागलेल्या हातांनी उभी होती.

परक्याकडं काही मागायचं तर मुळं घेऊन जायचं, खाली बसायचं आणि रीतीनं मागायचं, ही पद्धत आहे. समोरच्या बाजूला कुणीतरी बसून ती मुळं स्वीकारायची असतात. वाटिसोनी मोळी पुढं ठेवून थांबला. समोरची बाजू रिकामी होती.

"मास्टर, बस," तो म्हणाला. "तू काढलीस तिला."

मी शिडीवरून उतरलो आणि निळ्या आकाराखाली मांडी घातली. वाटिसोनीनं घसा साफ केला. जो माणूस मला रोज माझ्या रेषांवरून टोचतो, त्याच्या तोंडून असं बोलणं निघायला लागलं की माझी पाठ आपोआप ताठ झाली.

"उंच घरातल्या कंपनीला, तिच्या थोरल्यांना आणि धाकट्यांना. ही आमची मुळं फार लहान आहेत, हातात धरायला लाज वाटावी अशी. कंपनी आमच्या किनाऱ्याला आली, आमच्या मुलीला कामावर ठेवलं, आणि आम्ही तिला भेटायलाही आलो नाही. ही आमची चूक. आमची मुलगी चांगली आहे. तिला सांभाळा. आणि पुढच्या रविवारी आमचा मेळावा आहे, त्याला पाव कमी पडताहेत. एवढंच आमचं लहानसं मागणं."

पोकळ हातांच्या टाळ्या वाजल्या.  आता मी मुळांना हात लावायचा होता.

लावला, तर कंपनी त्यांच्या नात्यात आली, आणि उद्या मागचं दार पुन्हा उघडं. नाही लावला, तर वाईलोआला आयुष्यभराचा अपमान, आणि तो तिच्या दुकानात, तिच्या देखत. कॉलेजात हा प्रकार नव्हता. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं हात एप्रनला पुसले, काउंटरला वळसा घालून आली, सुलू सावरून माझ्या शेजारी बसली आणि मला कोपर मारलं.

"सरका, मास्टर."

मी सरकलो. तिनं दोन्ही हात मुळांवर ठेवले.  ती वाटिसोनीच्याच भाषेत बोलायला लागली, आवाज आधी कापला आणि मग सापडला.

"कंपनी ही मुळं घेते. मुळं लहान नाहीत, कंपनी लहान आहे. तिला एकच भट्टी आहे आणि मैदा बोटीनं येतो. मेळाव्याला पाव येतील. मुलीला कंपनी तिच्या परीनं सांभाळेल. यापुढं वाईलोआचं मागणं कंपनी ऐकेल, पण एका तोंडून, पुढच्या दारानं, मुळं घेऊन. बाकी कुणाला पाव हवा असेल, तर तो काउंटरवर मिळतो."

 गिऱ्हाइकांतली एक बाई मध्येच शिंकली. ता-लेवू निळ्या आकाराकडं पाहत होते, मग त्यांनी खाली तिच्याकडं पाहिलं.

"कंपनी बोलते चांगलं," ते म्हणाले. "आवाज माझ्या धाकट्या भावासारखा आहे."

धाकटा भाऊ म्हणजे तिचा बाप. तो जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी तीनदा टाळी वाजवली, बाकीच्यांनी वाजवली, मीही वाजवली. वाटिसोनीचा चेहरा अजून समारंभाचाच होता, पण त्याचे कान लाल झाले होते आणि तो माझ्याकडं बघायचं टाळत होता. मग तिथंच मुळं कुटली, गाळली, आणि कंपनीच्या वतीनं पहिला प्याला मला प्यावा लागला. दिवसभर माझी जीभ बधिर होती. बोर्ड तिरकाच राहिला.

आता त्या वर्षी वादळानं यांगोनाचे मळे झोपले होते आणि मुळांना सोन्याचा भाव होता. टाळी वाजवताना हे ता-लेवूंच्या ध्यानात होतं की नाही, मी विचारलं नाही. मागणी आली ती मोजकी: एक लग्न, एक मयत, चर्च. दरवेळी मोळी येते, वाटिसोनी बोलतो, ती ऐकते.

नाताळात वाईलोआच्या सगळ्या घराण्यानं एकाच छापाचे कपडे शिवले, दरवर्षी शिवतात. दरवर्षी कापडावर तो मासा असतो. यंदा तो होता, आणि त्याच्या भोवती फिक्क्या निळ्या रंगाचे तिरके चौकोन होते, आत पांढरी रेघ. मला विचारलं नव्हतं. वाटिसोनीनंही तोच शर्ट घातला होता, आईच्या हक्कानं.

"मला म्हणालास, यात माझं कुणीच नाही," मी म्हणालो.

"तेव्हा नव्हतं."

तराइविनीही तेच कापड घालून काउंटरवर असते. मोळी आली, की ती ऐकून घेते आणि म्हणते, "कंपनीला विचारते." मग आत जाते. माणसं मुळं धरून थांबतात, कुणी घाई करत नाही. मी एकदा खिडकीला रंग देत होतो, तेव्हा आत पाहिलं. ती मैद्याच्या पोत्यांसमोर उभी होती, मान वर करून माशाकडं बघत. पोती किती उरलीत ते तिनं पाहिलं, परत माशाकडं पाहिलं, आणि बाहेर येऊन कंपनीचं उत्तर सांगितलं.